नमस्कार, बोयंग!

४ सप्टेंबर
सासूबाईंच्या तयार भाज्या नि तळणाच्या दुकानाची वेबसाइट हाती घेतली. फोनवर ऑर्डरी म्हणजे अश्मयुग! चुसोकचा सण सतराला. त्याआधी अख्खं जोंजू शहर माझ्या साइटवर. मग माझं शनिवारचं दुकानात मुळे चिरणं बंद. सासूबाईंनी तसा शब्द दिलाय. पुटपुटल्या, पण दिला.

६ सप्टेंबर
लॉगिन. फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइटच्या तयार सांगाड्यात, आयतंच मिळतं, अर्ध्या तासाचं काम. दोन दिवस लागले. दोष सूचना लिहिणाऱ्याचा. सासूबाई म्हणतात, लॉगिन कशाला, मी आवाजावरून बाई ओळखते. बिचाऱ्या.

८ सप्टेंबर, दुपार
पहिली ऑर्डर बायकोच्या हस्ते. बोयंगनं दोनदा विचारलं, माझं पान दुसऱ्या कुणाला दिसणार नाही ना? म्हटलं, राष्ट्राध्यक्षांनाही नाही. मग पाठ फिरवून काहीतरी भरलं तिनं. मी डोकावलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ सप्टेंबर
साइट रखडतेय. उपाय सापडला: कॅशिंग. एकदा बनलेलं पान साठवायचं, पुढचीला लगेच वाढायचं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, म्हणजे शिळंच की! आणि एकीचं ताट दुसरीपुढे गेलं म्हणजे? आता यांना काय समजावणार!

साइट वाऱ्यासारखी पळतेय. गुनसानला आईलाही लॉगिन पाठवलं. चुसोकला पूर्वजांच्या नैवेद्यासाठी बोयंग दरवर्षी माशाचे नि भोपळ्याचे काप स्वतः तळून गुनसानला नेते. माहेरी जाऊन तळते, मला तिकडे फिरकू देत नाही. कपड्यांना वास लागेल म्हणते. केवढी काळजी! आई गल्लीभर सुनेचं कौतुक करते. आता लेकाचंही करेल.

१० सप्टेंबर
घात झाला. जी कुणी लॉगिन करते तिला 'नमस्कार, बोयंग!' खाली बोयंगची ऑर्डर: नैवेद्याचे काप, सहा जणांचे. दुकानाचा शिक्का नको, माझ्याच डब्यात भरा, मागच्या दारानं नेईन. गुनसानला कळता कामा नये.

लॉगिननंतरचं पानसुद्धा साठवलं गेलं. कॅशिंगनंतर पहिलं लॉगिन तिचंच, ऑर्डर तपासायला. एक ओळ लिहायची राहिली हो, एकच!

आईचा फोन वाजतोय. उचलवत नाही. सासूबाई म्हणाल्या, मागच्या दारानं निम्मं शहर येतं, आजवर एकीचंही नाव माझ्या तोंडून फुटलं नाही. तुमच्या यंत्रानं एका सकाळीत दवंडी पिटली. बायका धडाधड ऑर्डरी रद्द करतायत. साइट बंद केली. बोयंग एकच वाक्य बोलली. यंदा काप तूच तळ.

१६ सप्टेंबर, गुनसान
तळणं ते काय! कृती पाठ आहे.

नंतर:
मासा तव्याला चिकटला, अंडं माशाला सोडून गेलं. दुसरा घाणाही काळाठिक्कर. बोयंग बाहेर नासपती खातेय, ढुंकूनही बघत नाही. रडू यायला लागलं, खरंच.

आई आत आली, दार लावून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. मेल्या, तुझ्या आजोबांच्या नैवेद्याला मी तरी कधी हातानं तळले होते? बाजारातली एक म्हातारी गुपचूप तळून द्यायची मला, ती गेली म्हणून सुनेवर टाकलं. दे विहीणबाईंचा नंबर. म्हटलं, आई, साइट पुन्हा सुरू करतो, तुझा पासवर्ड... नंबर दे, म्हणाली.

दिला. सासूबाईंनी पहिल्या हॅलोलाच आवाज ओळखला. म्हणाल्या, सहा जणांचे ना, तयार आहेत, मागच्या दारानं या. आणि जावईबापूंना सांगा, शनिवारी मुळे यायचेत चिरायला.