कुळथाचं पाणी

प्रिय संग्राम,

तू वर मीटिंगमध्ये आहेस आणि मी खाली स्वयंपाकघरात लिहितोय. बोलायला गेलो तर ओरडेन आणि सूनबाई रुचा घाबरेल, म्हणून कागद घेतला.

सव्वा महिना मी कुळथाचं पाणी पितोय. मूतखडा आहे, विरघळेल, असं तू सांगितलंस. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत कुळीथ मिळाले नाहीत तेव्हा बर्फातून लांबच्या दुकानात जाऊन दोन पाकिटं आणलीस. मला गिळवत नसताना "अण्णा, अजून अर्धा ग्लास" म्हणत समोर उभा राहिलास. लाज नाही वाटली? डॉक्टरीणबाई दहा मिनिटं इंग्रजीत बोलायच्या आणि तू मला सांगायचास, "काळजी करू नका म्हणतात." मी सातवी शिकलेला असेन, पण दहा मिनिटांचं एवढंसं वाक्य होत नाही, हे मला कळतं.

काल तू गाडी लावायला गेलास आणि नर्सने स्क्रीन आणला. त्यातली मराठी दुभाषी बाई म्हणाली, "नमस्कार काका, तुमच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांना बोलायचंय." मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे दुसऱ्याचा कागद आलाय. तिने माझं नाव, जन्मतारीख वाचून दाखवली. मग सगळं नीट सांगितलं. डाव्या बाजूला चार सेंटिमीटरची गाठ आहे, तेवढीच काढणार, बाकीचं मूत्रपिंड राहील, स्कॅनमध्ये दुसरीकडे पसरलेलं दिसत नाही. म्हणजे त्यातलं चांगलं होतं तेसुद्धा मला परक्या बाईकडून कळायचं! तू परत आलास तेव्हा "चल घरी" एवढंच म्हटलं. घरी येऊन तुझ्या हातचा तो ग्लासही प्यायलो.

राग तुझ्यावर आहेच. पण हे तुला शिकवलं कोणी? तुझ्या आईला कर्करोग होता, तेव्हा आतड्याची सूज आहे, असं मीच तिला सांगत होतो आणि तुलाही तेच बोलायला लावलं. ती कराडला भावाकडे जायचं म्हणत राहिली, मी म्हणत राहिलो, बरी झालीस की जाऊ. ती गेली आणि ती भेट राहिली ती राहिलीच. गुरुवारी ऑपरेशन आहे. त्याआधी मला तुझ्या मामांना फोन लावून दे, तिची भेट माझ्या खोटेपणामुळे राहिली, हे त्यांना सांगायचंय. उरलेल्या कुळथाची उसळ कर म्हणावं रुचाला. आणि गुरुवारी भाषांतर त्या बाईला करू दे. तू नुसता माझ्याजवळ बस. मला भीती वाटतेय.

तुझाच,
अण्णा