मॅट्रन मॅडमशी थेट संपर्क

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. माझ्या नर्सिंग करिअरचा दुसरा टप्पा सुरू होतोय. पुढेमागे कोणी विचारलं तर तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

परिस्थिती अशी. कळमेश्वरचं नर्सिंग होम सप्टेंबरात बंद झालं. चार वर्षं तिथला एकमेव ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, मी. तिथले डॉक्टर त्यांच्या मुलाकडे पुण्याला गेले. जाताना म्हणाले, प्रीतम, तुला कुठेही नोकरी मिळेल. तेव्हापासून मी कुठेही शोधतोय.

माझ्या बायकोचा, पायलचा, भाऊ हर्षित इथेच वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. त्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. ट्रकमधून उतरलेले खोके मोजायचे. म्हणाला, जिजाजी, एक डिसेंबरपासून या, नाहीतर मालक दुसऱ्याले घेईन. मी नुसता हसलो. पण आतून भीती वाटली. एकदा खोके मोजायला लागलो की पुन्हा कोणी सलाईन हातात देणार नाही. एक तारखेच्या आत हॉस्पिटलमध्ये लागायचंच.

४ नोव्हेंबर
मोबाईलवर एक फार महत्त्वाचा व्हिडिओ पाहिला. अर्ज भरून वाट पाहणारे वाटच पाहतात. हायरिंग मॅनेजरशी थेट बोलणाऱ्याला नोकरी मिळते.

पायल म्हणाली, धंतोलीच्या मोठ्या हॉस्पिटलच्या गेटवर अर्जाची पेटी हाय, तिच्यात टाकाले काय जाते तुमचं? तिला समजावून सांगितलं की पेटीत अर्ज टाकणं आणि विहिरीत टाकणं एकच. ती म्हणाली, विहिरीत तरी टाका.

हायरिंग मॅनेजर कोण, हे शोधणं म्हणजे अर्धी लढाई. एचआरवाला नुसती सही करतो. ब्रदर कोणता घ्यायचा ते सगळ्या नर्सेसची प्रमुख, म्हणजे मॅट्रन, ठरवते. तिथल्या मॅट्रन म्हणजे सुभद्रा मॅडम. दुपारपर्यंत त्यांचा नंबरही मिळवला. गेटवरच्या 'तक्रारीसाठी संपर्क' बोर्डवर होता. लोक डोकं वापरत नाहीत.

५ नोव्हेंबर, सकाळी ५.३०
आल्या आल्या नोकरी मागायची नाही. आधी संबंध जोडायचे. मॅडमना गुड मॉर्निंग पाठवलं. कमळाचं चित्र, खाली रुग्णसेवेवर सुविचार.

८ नोव्हेंबर
चार गुड मॉर्निंग गेली. चारही वाचली. आज चक्क उत्तर आलं: आपली तक्रार काय आहे? मी लिहिलं, तक्रार काहीच नाही मॅडम, फक्त शुभेच्छा. संवाद सुरू झाला म्हणायचा.

१० नोव्हेंबर
मेसेजवर एकच टिक. मॅडमचा फोटोही दिसेनासा झालाय. मोबाईल बिघडला असावा. पायल म्हणाली, ब्लॉक केलं त्यांनी तुम्हाले. पायलला माणसांबद्दल एकदम वाईटच सुचतं.

आता प्रत्यक्ष भेट.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वॉचमन आत सोडेना. पेशंट कोण तुमचा, एवढंच विचारत होता. तीन वेळा परत फिरलो.

चौथ्या वेळेला नशीब उघडलं. इतवारीतून एका म्हाताऱ्याला शेजाऱ्यांनी टेम्पोत घालून आणलं होतं. पॅरालिसिसचा झटका, वाचा गेलेली. काउंटरवाला विचारत होता, नातेवाईक कोण? शेजारी एकमेकांकडे बघत होते. एकजण म्हणाला, यायले कोणीच नाही जी. मी पुढे झालो आणि म्हणालो, मी आहे.

पुतण्या म्हणालो असतो तर आडनाव जुळवावं लागलं असतं. म्हणून भाचा म्हणालो. अशा वेळी डोकं शांत ठेवावं लागतं. माझं नाव, मोबाईल नंबर लिहून घेतला आणि पास दिला. शेजारी हात जोडून निघून गेले, जरा घाईतच.

दुसरा मजला, चौदा नंबरचा बेड. मॅट्रनचा राउंड रोज दहा वाजता असतो. मामांचं नाव वामनराव. हे बेडवरच्या पाटीवरून कळलं.

१३ नोव्हेंबर
राउंडला सुभद्रा मॅडम बेडपाशी थांबल्या. विचारलं, पेशंटले लघवी किती झाली? मी आकडा मिलीलिटरमध्ये सांगितला. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं.

बायोडाटा पिशवीत होता. पण भाचा म्हणून उभा राहिल्यावर बायोडाटा कसा काढणार? योग्य वेळ यायची आहे.

१५ नोव्हेंबर
मामांना स्पंजिंग केलं. दर दोन तासांनी कूस बदलतो. पडून राहिल्याने जखमा होतात, पण यांच्या पाठीला अजून लालीसुद्धा नाही. डाव्या हाताने ते माझं मनगट धरून ठेवतात, सोडत नाहीत. दोन महिन्यांनी कोणाची तरी नाडी पाहिली. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

नाकातल्या नळीतून दूध देताना डोकं वर घ्या, असं एका नवीन सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, भाऊ, तुम्ही बाजूले व्हा, तुम्हाले यातलं नाही समजत. बाजूला झालो. तिने डोकं वर घेतलं.

१९ नोव्हेंबर
नोटीस लागली. परवा अकरा वाजता चौथ्या मजल्यावर इंटरव्ह्यू. ब्रदरच्या दोन जागा. पायलने फाईल काढून ठेवली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गेलो नाही. विचारपूर्वक.

समोर सुभद्रा मॅडमच बसल्या असत्या. भाचा खोटा ठरला असता, पास गेला असता आणि मामांजवळ कोण? शिवाय रोज दहा वाजता माझा इंटरव्ह्यू चालूच आहे. दहा दिवसांचा इंटरव्ह्यू चौथ्या मजल्यावर कोणाचा झाला?

पायलला सांगितलं, छान झाला.

२५ नोव्हेंबर
दोन नवीन ब्रदर रुजू झाले. दोघांनीही पेटीत अर्ज टाकला होता म्हणे. एकाला चादर न ओढता पेशंट वळवता येत नाही. मॅडमनी त्यांना चौदा नंबरपाशी आणलं आणि म्हणाल्या, हे भाऊ पाहा, घरचा माणूस असून कसं करून राहिले. तुम्ही तर शिकलेले आहा.

म्हणजे मॅडमनी मला ट्रेनर केलं. ब्रदरची जागा गेली ते एका अर्थी बरंच झालं. माझ्यासाठी वेगळं काही मनात असणार.

२७ नोव्हेंबर
पायलला इंटरव्ह्यूचं खरं कळलं. ओरडली नाही. तिने एकच विचारलं, तिथं तुम्ही नर्स आहा हे कोणाले तरी माहीत हाय का? भाजी चांगली झाली होती, तेवढं बोललो.

हर्षितने मालकाला माझं नाव देऊन टाकलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११.१०
आंघोळीला घरी आलो होतो. फोन आला. मॅट्रन ऑफिसमधून. स्वतः सुभद्रा मॅडम.

चार वाजता केबिनमध्ये या म्हणाल्या, महत्त्वाचं काम हाय. येताना आधार कार्ड आणा.

दोनदा विचारून घेतलं, मलाच ना? तुम्हालेच, म्हणाल्या. पायलने शर्टाला इस्त्री केली. सगळी सर्टिफिकेटं तारखेनुसार लावली. हर्षितला फोन करून सांगितलं, दुसरा माणूस बघ. त्याने विचारलं, पक्कं का जिजाजी? पक्कं, म्हणालो.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
टेबलावर फाईल होती. मामांची. डिस्चार्ज.

मॅडमनी मला स्वतः शिकवलं. नळी जागेवर आहे का कसं बघायचं. डोकं किती वर घ्यायचं. दूध दिल्यावर पाणी किती. वीस मिनिटं. अगदी सावकाश, समजेल अशा शब्दांत. मी मान हलवत होतो. मग मामांना स्ट्रेचरवर आणलं आणि मला करून दाखवायला लावलं. केलं. मॅडम शेजारी उभ्या नव्या ब्रदरला म्हणाल्या, मनातून असलं की माणूस एका दिवसात शिकते.

कागदावर लिहिलं होतं, नातेवाईकास सर्व समजावून सांगितले. नाते: भाचा. सही केली.

सर्टिफिकेटांची पिशवी मांडीवर होती. म्हणालो, मॅडम, एक बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, बोला न भाऊ. दारात स्ट्रेचरवर मामा माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, यांना ऑटोने नेलं तर चालेल का?

चालत नाही. अँब्युलन्स लागते. ड्रायव्हरने पत्ता विचारला. मामांची इतवारीतली खोली घरमालकाने दुसऱ्याला दिली आहे. वाडीचा, माझ्या घरचा पत्ता सांगितला.

पायलने दारातून आधी मला पाहिलं, मग मामांना. पलंगावरचे धुतलेले कपडे उचलले.

हर्षितला पुन्हा फोन केला. माणूस अजून ठेवला नव्हता. परवापासून गोडाऊन, सकाळी आठ ते रात्री आठ. मामांना दूध दर दोन तासांनी. म्हणून आत्ताच पायलला शिकवायला बसलो. नळी कशी बघायची, डोकं किती वर. तिने पहिल्याच वेळी नीट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, इतकं येते तुम्हाले, तं तिथं सांगितलं काहून नाही?

मी म्हणालो, पाणी कोमट घे.