मयताची आंघोळ

सोमवार, दिवेलागणीले

माही सून शोभा हैज्यानं शाळेतल्या कॅम्पात पडून आहे. सलाइन चालू, डोळे पार खोल गेले. सौसरच्या नर्सनं कालच विचारलं, "आजी, शुक्रवारी कॉलऱ्यानं गेलेल्या म्हातारीले आंघोळ कोणी घातली?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

खोटं. गावात बाई मेली का आंघोळ मीच घालतो. हात लावू नका म्हणून नर्सनं बजावलं होतं. "कालची पोरगी मले मयत शिकवते!" म्हणून मीच तिले हाकललं. शोभा गडव्यानं पाणी टाकत होती. घरी येऊन कणीकही तिनंच मळली. हात धुतले होते का तिनं? मी कुठं पाह्यलं!

अजून दोघी होत्या संग. नावं सांगतली तर गाव मलेच खाईन, म्हणून मी काल गप्प बसली. पण शोभाचे डोळे पाहून आज सांगतली. नर्स तशीच त्या दोघींच्या घराकडं पळाली. हात धुतले का, शोभाले विचारलं नाही. काय तोंडानं विचारू?

आता नर्स परत आली. एक बाई घरीच सापडली. दुसरी सकाळीच पांढुर्ण्याच्या गाडीनं माहेरी गेली. गाडीत उलट्या करत होती म्हणे, मांडीवर अंगावरचं लेकरू.