गच्चीवरच्या कुंड्या

तीर्थस्वरूप आईस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, भूकही लागते. डोकं तेवढं रोज उठतं, ते चौथीच्या वर्गामुळे. धड्यातला काका सुजलेला गाल धरून बसलाय, जेवण नको म्हणतो. "त्याला काय होत असेल?" विचारलं, की ही रत्नं म्हणतात, "बाई, ते धड्यात दिलेलंच नाही!"

काल वैतागून तुझंच पत्र वाचून दाखवलं. गच्चीवरच्या कुंड्यांना हल्ली शेजारीण पाणी घालते, कपडे तू खोलीतच वाळवतेस आणि "माझी काळजी करू नकोस" हे तीनदा. शेवटच्या बाकावरची झोपाळू ताडकन उठली. "बाई, तुमच्या आईला जिना चढवत नाही. पडल्या असणार!"

तेच पत्र मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होते. म्हणे शिक्षिका!

"मग आता पुढे काय होईल?" मी सवयीने विचारलं.

अख्खा वर्ग ओरडला, "तुम्ही घरी जाल!"

गुडघा की कंबर, एवढं तरी खरं कळव. दादाही यात सामील आहे ना? शनिवारी पोचते. दार उघडायला उठू नकोस, किल्ली शेजारणीकडे ठेव.

तुझी,
उशिरा उजेड पडलेली थोरली लेक