भिंगरीला वळण लावताना

प्रिय धाकट्या,

तुझी खुशाली नंतर विचारीन, आधी माझा राग ऐकून घे. मोठं घर मिळालं की नेतो म्हणून भिंगरीला माझ्या गळ्यात मारून गेलास आणि जाताना काय सांगितलंस? गरीब कुत्री आहे गं ताई, फक्त जरा पळते. जरा! पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शिंपीणबाईंचं बदक तोंडात धरून ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि शेपटी हलवत ते माझ्या पायाशी ठेवलं. बाईंच्या दारात मी मान खाली घालून उभी राहिले. तुला फोन केला तर तू हसलास. तिच्या रक्तातच आहे, म्हणालास.

रक्तात आहे हे खरं, पण त्याला खतपाणी कोणी घातलं रे? खार दिसली की छू म्हणून सोडायचास आणि त्याचे व्हिडिओ मित्रांना दाखवायचास. ते ऐकून जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ही खोड मारून जायची नाही, म्हणाले, हिच्या नाकाला काम द्या.

म्हणून तुझी ही गुडघे धरलेली बहीण रोज लांब दोरी घेऊन मैदानात जाते. पक्षी दिसला की भिंगरी थिजते, एक पाय उचलते. शिट्टी तेव्हाच वाजवायची. ती सुटल्यावर बोंबलून काही उपयोग नसतो. वळली की लगेच कलेजीचा तुकडा. घरी पालथ्या डब्यांखाली खाऊ लपवते, मग बाईसाहेब हुंगून हुंगून दमतात आणि घोरत पडतात. दोरीने माझे तळहात सोलून निघाले. पोरंटोरं मला शिट्टीवाली म्हणतात. म्हणू देत.

काल सकाळी बदकं कुंपणाखालून थेट आमच्या अंगणात शिरली आणि भिंगरी मोकळी होती. मी शिट्टी वाजवली. ती नखशिखान्त थरथरत होती, पण वळली आणि माझ्याकडे आली. शिंपीणबाई कुंपणापलीकडून बघत होत्या, त्या चक्क शाबास म्हणाल्या. मी पायरीवर बसून रडले.

आणि संध्याकाळी तुझ्या बायकोच्या तोंडून निसटलं. भिंगरी तू तुझ्या साहेबांना देऊन टाकली आहेस. रविवारी ते न्यायला येणार, सशांमागे सोडायला. बदकाची गोष्टही त्यांना कौतुकाने सांगितलीस म्हणे. लाज नाही वाटली? साहेबांची मर्जी राखायला तुला माझ्याच घरातलं माणूस सापडलं? हे पत्र एवढ्यासाठीच, की ती कुठेही जाणार नाही. ती नसेल तर हे घर मला खायला उठेल, हेही एकदाचं लिहून टाकते. तू एकटा आलास तर पोटभर जेवायला वाढीन. साहेबांना घेऊन येणार असशील, तर तुला बहीण होती हे विसर.

तुझीच, पण या वेळी भिंगरीच्या बाजूची,
ताई