तारांना जोडलेली वायर

अण्णा,

तुमची गिटार मी मागच्या रविवारी उघडली. एक स्क्रू गंजून बसला होता, त्यावर तेल सोडून वाट बघावी लागली. सांगलीतल्या माझ्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, भर दुपारी. उघडायच्या आधी मी चपला काढून दाराशी ठेवल्या. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि असं करण्याचं मला काही कारणही नव्हतं. आत धूळ, जळमटं आणि तुमच्या हातचं सोल्डर, मोठाले राखाडी गोळे. मी कारखान्यात विजेची पॅनेल तपासण्याच्या विभागात आहे. असा जोड कुणी माझ्यासमोर ठेवला तर मी तो परत पाठवते. पण तुमचा एकही जोड सुटलेला नव्हता. मी प्रत्येक वायर चिमट्यानं ओढून पाहिली.

उघडायची वेळ धाकट्यामुळं आली. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता, आता त्याला मिशा आल्यात आणि तो उंब्रजकडच्या एका बँजो पार्टीत वाजवतो. तुमची गिटार घरी तुमच्या फौजेतल्या काळ्या ट्रंकेत होती, ती आईनं त्याला काढून दिली. मी फोन करून तिला विचारलं, का दिलीस. ती म्हणाली, "लाकडाचं काय चुकलं त्यात? ठिवून वाळवी खाईल." मी म्हटलं, खाऊ दे वाळवीला. "तू लय शिकलीस बाई," ती म्हणाली आणि भाजी करपतीय म्हणून फोन ठेवला. दोन-चार दिवसांनी धाकटा गिटार पाठीला बांधून मोटारसायकलवर सांगलीत हजर. "ताई, आवाज लय पातळ येतोय. आन नुसती घरघर. पार्टीतली पोरं इचारत्यात, गिटार हाय का पिठाची गिरण? पिकअप बदल, वायरिंग बदल. टोन पायजे बघ, टोन." त्यानं मोबाइलवर बरंच काही पाहून ठेवलं होतं, कुठला चुंबक चांगला, कुठल्या कपॅसिटरनं आवाज गोड होतो. मी ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. आवाजाशी मला देणंघेणं नव्हतं. मला त्या गिटारमधली एकच वायर हवी होती.

ती घरघर मला चांगली आठवते. तुम्ही स्वयंपाकघरात वाजवायचात, कारण तीन पिनांचा बोर्ड घरात तिथंच होता. हंड्याकळश्यांच्या शेजारी तुमचा तो खोक्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर, चुलीकडं आई भाकरी थापतेय, मी भिंतीला टेकून गणितं सोडवतेय. तुम्ही बटण दाबता आणि घरघर सुरू होते. मग तुमचा हात तारांवर पडतो आणि ती थांबते. तुम्ही तंबाखू मळायला हात काढला की पुन्हा सुरू. मी तुमच्याकडं पाठ करून बसलेली असले तरी मला कळायचं, आता हात आहे, आता नाही. एकदा शाळेतून आल्याआल्या मी चपलांसकट आत आले आणि एक तार छेडली. तुम्ही ओरडला नाहीत. फौजेतल्यासारखं नुसतं बोटानं दाराकडं दाखवलंत. "पायताण काढ आदी. वाद्य हाय ते, सायकल न्हवं." तुमचे स्वतःचे बूट रोज सकाळी पॉलिश व्हायचे, शेतात जायचं असलं तरी. आणि कुठल्याही गावात, कुठल्याही मांडवात वाजवायला उभं राहताना ते बूट तुम्ही काढायचात आणि जोडीनं बाजूला ठेवायचात.

हात लावल्यावर घरघर का थांबायची, ते आता मी सांगू शकते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेची वेटोळी. तार थरथरली की त्या वेटोळ्यांत अगदी थोडी वीज निर्माण होते, तोच गिटारचा आवाज. पण ती वेटोळी भोवतालच्या विजेची कुरकुरही ऐकतात आणि माणसाचं अंग त्यात भर घालतं. म्हणून गिटारच्या पोटातून एक वायर तारांना जोडलेली असते. ती पुढं अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी अंगापर्यंत जाते. हात तारांना लागला की अंगातली कुरकुर त्या वायरीनं निघून जाते. अ‍ॅम्प्लिफायरचं अंग जमिनीला जोडलेलं असेल तर यात काही धोका नाही.

कडेगावच्या बाजूच्या त्या लग्नात मांडवाचा बोर्ड दोन पिनांचा होता. प्लगची तिसरी पिन आधीच कुणीतरी मोडलेली. सगळेच मोडतात, त्याशिवाय तो बसत नाही. अ‍ॅम्प्लिफायर जुना, आत कुठंतरी त्याच्या अंगाला वीज उतरलेली. तुम्ही कोरड्या जमिनीवर अनवाणी उभे होतात तोवर काही झालं नाही. वऱ्हाड नाचत होतं, धूळ उडत होती, म्हणून मांडववाला पाइप घेऊन पाणी मारत आला. पाणी तुमच्या पायांपर्यंत आलं तेव्हा तुमचा हात तारांवर होता. मी तिथं नव्हते. तुमच्या पार्टीतल्या लोकांनी आईला सांगितलं, करंट लागला, नशीब. पुढं डिप्लोमाच्या वर्गात सरांनी फळ्यावर एक आकृती काढली. डबा, वायर, माणूस, जमीन. बाकीच्यांबरोबर मीही ती उतरवून घेतली. त्या दिवसापासून मला सगळं माहीत आहे. किती करंट, कुठून कुठं, मध्ये काय काय. मला वाटलं होतं, कळलं की काहीतरी हलकं होईल. काहीही झालं नाही. उलट एवढंच समजलं की ज्या वायरीमुळं मला स्वयंपाकघरात तुमचा हात ओळखता यायचा, तीच ती वायर. तिचा जोड कच्चा असता तर गिटार थोडी घरघरली असती आणि तुम्ही घरी आला असता.

तो जोड मी वितळवला. बाकीच्या जोडांपेक्षा त्याला जास्त वेळ लागला. जुने पिकअप काढून दुहेरी वेटोळ्यांचे बसवले. त्यात दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळं बाहेरची कुरकुर आपापसांतच जिरते आणि तारांच्या त्या वायरीवर फारसं काही अवलंबून राहत नाही. त्या वायरीच्या मध्ये मी छोटा कपॅसिटर घातला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगात वीज उतरली तरी तारांपर्यंत मुंगी चावल्याइतकीच पोचेल. केबलच्या तोंडाची पत्र्याची पट्टी काढून प्लॅस्टिकची लावली. सगळं मोजलं, पुन्हा मोजलं. संध्याकाळी धाकटा पार्टीतला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला आणि त्यानं केबल जोडली. घरघर नाही. त्यानं हात ठेवला, काढला, ठेवला. काहीच फरक नाही. "आयला, ताई," तो म्हणाला आणि हसायलाच लागला. मी दुसरीकडं बघत होते. त्याचा हात तारांवर आहे की नाही, हे आता नुसतं ऐकून कुणालाही कळणार नव्हतं. मग त्यानं विचारलं, "अण्णांचा आवाज आसाच हुता का गं?" मी आठवून पाहिलं. एकही गाणं आठवलं नाही. मला तुमची घरघर आठवते आणि ती थांबलेली आठवते. मी म्हटलं, साधारण असाच.

बुधवारी तासगावला एका बेदाणा व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं. मी रजा टाकून गेले. बरोबर एक बोर्ड बनवून नेला होता. वीज कुठं गळू लागली की तो आपोआप बंद होतो. साउंडवाल्यानं तो माझ्या देखत जोडला. पार्टी उभी राहायच्या आधी स्पीकरवर लावलेल्या पहिल्याच गाण्याला तो बंद पडला, दुसऱ्याला पुन्हा. "मॅडम, तुमचा डबा सारका पडतोय. पावणं नाचत्यात आन मधीच सगळं गप." मी म्हटलं, तो पडतोय म्हणजे तुमच्या लाइनमध्ये दोष आहे. "दोष हाय की. सगळ्या मांडवांत असतो. आमी काय मेलो का?" म्हणाला आणि मग मी कुणाची मुलगी आहे हे त्याला आठवलं असावं, कारण त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. बोर्ड मात्र त्यानं काढलाच. नीट, खुर्चीवर ठेवला.

धाकटा बूट काढत होता. मी त्याच्यासाठी जाड रबरी तळव्यांचे आणले होते, ते दिवसभर घालून फिरलाही. मी म्हटलं, राहू दे पायांत. "बूट घालून वाजवू? आई जोड्यानं हाणंल मला." मी म्हटलं, आईला मी सांगते. "अण्णा काढायचे न्हवं?" मी म्हटलं, हो, काढायचे. म्हणूनच सांगतेय. तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्याएवढं वय असताना मी इतकी शांत नव्हते. "ताई, करंटचं म्हाईत हाय मला. आधी भ्याव वाटायचं, खरं सांगतो. पर आता तू केलंयस न्हवं सगळं?" मी त्याला सांगायला हवं होतं की मी फक्त एक वायर केली आहे. माइक आहे, मांडवाचे लोखंडी खांब आहेत, दिव्यांच्या माळा आहेत, पाइप घेऊन फिरणारा माणूस आहे. मी तोंड उघडलं आणि ताशा सुरू झाला. त्याची भीती तेवढी मी दुरुस्त करून टाकली, अण्णा. एवढंच माझ्याच्यानं झालं.

आता लग्नसराई चालू आहे. पार्टीच्या मालकानं त्याला पुढच्या सगळ्या तारखांना घेतलंय. आई खूश आहे, दारात गाडी येते म्हणते. तो आज कुठं वाजवतोय हे मी विचारत नाही. कळलं तर त्या गावात पाणी मारलं असेल का, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहील. फोन वाजला की आधी मी नाव बघते आणि मगच श्वास घेते. रोज मांडव बदलणार, रोज बोर्ड बदलणार, आणि मी सांगलीत दुसऱ्यांची पॅनेल तपासत बसणार. यातून सुटायचा एकच मार्ग मला दिसत होता, त्यानं आपणहून गिटार खाली ठेवावी. तासगावला त्यानं पहिला सूर काढला तेव्हा नाचणारे लोकसुद्धा क्षणभर मान वळवून बघायला लागले. भरीव, स्वच्छ, कुठंही चिरका नाही. साउंडवाल्यानं मला लांबून अंगठा दाखवला. हे मी आईला सांगितलेलं नाही, त्यालाही सांगणार नाही आणि तुम्हाला लिहून काही उपयोग नाही हे मला माहीत आहे. आवाज फार चांगला आला, अण्णा. तो वाईट यावा म्हणून मी तिथं उभी होते.