सोड्याच्या पाण्यात चोवीस तास

३ फेब्रुवारी

पुन्हा झोपल्या नळ्या! सगळ्याच्या सगळ्या. पंधरा दिवसांनी मायक्रोस्कोपवर पाळी मिळाली आणि पडद्यावर काय, तर ओल्या ब्रशचे केस चिकटावेत तसे गुच्छ. ऑपरेटर म्हणाला, फोटो काढू का मॅडम? म्हटलं, राहू दे. कितव्यांदा तेच मढं बघायचं?

बावीस महिने झाले. कृती झोपेतही म्हणून दाखवीन. नखाएवढा साचा – त्यात अब्जावधी भोकं, एकेक भोक केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. भोकांच्या आतून ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा. मग साचा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चोवीस तास. साचा विरघळून जातो, नळ्या उरतात. कशाचाही टेकू नसलेल्या, उभ्या. निदान तसं कागदावर आहे. खरं म्हणजे पाणी सुकताना एकमेकींना ओढून सगळ्या आडव्या होतात.

एकदाच उभ्या राहिल्या होत्या, बावीस महिन्यांपूर्वी. बाबा गेले त्या आठवड्यातला तुकडा. पंधरा दिवसांनी कामावर परतले, डबीत पडलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला – आणि उभ्या! तो फोटो आता प्रयोगशाळेच्या दारावर फ्रेममध्ये आहे. माझ्या मार्गदर्शक सरांचा पेपर त्याच्यावर, माझा प्रबंध त्याच्यावर. तुकडा मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवताना फुटला, त्यामुळे आता फोटोच काय तो.

४ फेब्रुवारी

धाकटी रडत होती. प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये, नळ सोडून. बाहेर कुणाला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

५ फेब्रुवारी

धाकटी म्हणजे सरांकडे माझ्यानंतर आलेली विद्यार्थिनी. माझ्या उभ्या नळ्या घेऊन पुढचं काम तिने करायचं, पण आधी नळ्या तर हव्यात. वर्षभर माझीच कृती ओळीन्ओळ पाळतेय. एकदाही जमलं नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझा हात जड आहे. तेव्हापासून ही घरी चिमट्याने मिठाचे कण एकेक उचलून दुसऱ्या वाटीत ठेवत बसते! रोज शंभर. मला सांगताना हसत होती.

मीही कमी नाही. 'हात हलका ठेव' असं मीच तिला हजारदा सांगितलंय. माझा स्वतःचा कुठे हलका राहिलाय? पण माझं एकदा झालंय ना. त्या एकदाच्या जोरावर मी शहाणी.

८ फेब्रुवारी

आईने बाबांचा जुना फोन चार्ज केला. नंबर उतरवून घ्यायचे होते म्हणे. त्यात शेवटचा कॉल मला. नऊ एप्रिल, दुपारी पावणेचार, सहा मिनिटं. आई स्वयंपाकघरातूनच विचारते, "सहा मिनिटं काय बोलत होते गं ते?"

मला आठवत नाही. हे आईला सांगायचं कसं? त्यानंतर पाऊण तासाने शेजारच्या काकूंचा फोन आला, की ते पडलेत. त्या एका फोनने आधीचं सगळं पुसून टाकलंय. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी काहीतरी लिहिलं होतं एवढं आठवतं. ती वही कपाटात आहे. मी ती उघडलेली नाही. उघडणार नाही.

१० फेब्रुवारी

चोवीस तारखेला तोंडी परीक्षा. सरांना विचारलं, एकाच तुकड्यावर किती ताणायचं? ते म्हणाले, एकदा झालं म्हणजे होतं, पुन्हा का होत नाही ते आपलं अपयश. आम्ही सोडा बदलला, पाणी बदललं, सुकवायची रीत बदलली. वेळेला मात्र कुणी हात लावला नाही. साचा अर्धवट ठेवून नळी उभी दाखवणं म्हणजे या धंद्यात चक्क लबाडी, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

नवा तुकडा – झोपला.

१३ फेब्रुवारी

धाकटी सोडून चाललीय. शुक्रवार शेवटचा. चिमटा माझ्या टेबलावर आणून ठेवला, पुसून. म्हणाली, "ताई, आता जिथे हाताचं काम नाही असंच काहीतरी शोधते." मी तिला थांबवायला हवं होतं. काय सांगून थांबवू? दारावरच्या फोटोकडे बोट दाखवू?

१५ फेब्रुवारी

आईने पुन्हा विचारलं. मी ओरडले – नाही आठवत, म्हणजे नाही आठवत! ती भाजी निवडत राहिली, निवडलेलीच पुन्हा निवडत राहिली. लाज वाटते मला माझी.

१६ फेब्रुवारी

वही उघडली. सकाळी, आई फिरायला गेल्यावर. जसंच्या तसं उतरवते:

"९ एप्रिल. अकराला तुकडा सोड्यात टाकला. पावणेचारला बाबा – दूध उतू जाऊन पातेलं करपलं, आई मावशीकडे गेलीय, ती यायच्या आत कसं निघेल? म्हटलं, सोड्याच्या पाण्यात भिजत घाला, घाई करू नका. रात्रभर? हो, रात्रभर. आईला सांगू नकोस म्हणाले. खूप हसलो. साडेचारला काकूंचा फोन. तुकडा तसाच उचलला, धुतला, डबीत टाकला, पळाले. बाबांना आत नेलंय."

पुढची पानं कोरी.

अकरा ते साडेचार. साडेपाच तास.

प्रयोगाच्या वहीत चोवीस लिहिलंय. माझंच अक्षर. पंधरा दिवसांनी परतल्यावर रकाने भरले, आणि तिथे नेहमी चोवीसच लिहायचे म्हणून चोवीस लिहिलं. खोटं बोलायचंही भान नव्हतं तेव्हा मला. साचा गेलाच नव्हता. वरवर थोडा खाल्ला गेला, नळ्यांची डोकी बाहेर आली, खाली सगळा साचा घट्ट धरून उभा. आम्ही वरून फोटो काढला आणि टाळ्या वाजवल्या.

उभ्या नव्हत्याच त्या कधी.

१७ फेब्रुवारी

कुणाला कळणार? तुकडा फुटलाय. प्रयोगाची वही माझ्या बाजूने आहे. विरुद्ध फक्त हे एक पान, आणि ते वाचणारी मी एकटी. परीक्षा आठवड्यावर. सात वर्षं घातलीत यात, चाळिशी समोर दिसतेय. दिवसभर पान हातात घेऊन बसले. फाडायला किती वेळ लागतो? साडेपाच तास नक्कीच नाही.

१८ फेब्रुवारी

आईला सांगितलं. पातेल्याचं. ती म्हणाली, "ते पातेलं मी चौथ्या दिवशी घासलं. ओट्यावर भिजत होतं. मला वाटलं, तू ठेवलंस." मग हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसता हसता रडली, आणि म्हणाली, त्यांना दूध तापवता येत नव्हतं कधी. मग ते पातेलं शोधून काढलं आणि तळ बघत बसली. स्वच्छ आहे.

बाबांनी पूर्ण भिजवलं. मी नाही.

१९ फेब्रुवारी

पानाचा फोटो सकाळी नऊला सरांना आणि धाकटीला पाठवला. खाली एवढंच लिहिलं – चोवीस नाही, साडेपाच. सरांनी वाचलंय. परीक्षा होणार नाही, पेपर मागे घ्यावा लागेल, माझं पुढे काय, माहीत नाही.

दुपारी धाकटीचा मेसेज आला.

"म्हणजे ताई, माझा हात जड नव्हता?"